छेदिकेवरचे बोंबील

डोक्यावरची पाटी वाळूत टेकवून मंगलाने कमरेवर हात ठेवले आणि सकाळचा चहा व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं, "नलू, तुझी ओळ वाकडी हाय."

ओळ म्हणजे बोंबील सुकवायची ओळ. शिरगावच्या किनाऱ्यावर वाळूत बांबूचे खांब रोवायचे, खांबाखांबांतून दोऱ्या ताणायच्या आणि ओले बोंबील जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून त्यांवर टांगायचे. मंगला थोरली जाऊ, नलू धाकटी. दोघींच्या ओळी शेजारी शेजारी होत्या आणि मधोमध डोक्यावर पाटी घेतलेली बाई आरामात जाईल एवढी गल्ली होती. गल्लीवर दोघींचा हक्क सारखा, त्यामुळे भांडणातही कुणी मागे राहत नसे. गेल्या आठवड्यात नलूचा कोपऱ्यातला खांब कुजला म्हणून तिने नवा रोवला होता. मंगला तेव्हापासून दबा धरून बसली होती.

"ओळ वाकडी नाय वहिनी. तुमी पाटी उतरवताना मान वाकडी करून बघितलंत," नलू म्हणाली.

"मान माझी सरळच हाय. त्या टोकाला तुझी ओळ माझ्या अंगावर येते. आज ओळ आली, उद्या तू येशील."

"मी कशाला येऊ? मला माझं घर हाय."

एरवी हे भांडण इथे संपलं असतं आणि दुपारी पुन्हा सुरू झालं असतं. पण मंगलाने या वेळी धर्माजींना बोलावणं धाडलं. वाळवणाच्या जागांचे वाद मिटवायला गावाने धर्माजींना नेमलं होतं आणि त्यांचा नियम साऱ्या किनाऱ्याला पाठ होता. ज्याची ओळ वाकडी, त्याने ती उपटायची आणि खाडीच्या तोंडाशी नेऊन लावायची. खाडीकडची वाळू कधी कोरडी म्हणून होत नाही. तिथे टांगलेला बोंबील सुकण्याआधी पिवळा पडतो. ऐन हंगामात तिकडे जाणं म्हणजे वर्षभराच्या वाळवणावर पाणी सोडणं. सध्या तिथे गेल्या वर्षी ओळ वाकडी ठरलेली जमना होती, आणि जमना कशी आहेस असं विचारलं की तिच्या तोंडून आधी उसासाच यायचा.

नलूचा नवरा वामन आणि मंगलाचा नवरा मारुती हे भाऊ एकाच होडीवर जात आणि एकाच डब्यातून जेवत. बायकांचं भांडण पेटलं की दोघे जाळी दुरुस्त करायच्या निमित्ताने होडीवरच बसून राहत. आजही ते तिथेच होते.

धर्माजी आले. त्यांनी घसा खाकरला. निकालाआधी घसा खाकरायचा ही त्यांची जुनी रीत होती आणि त्यामुळे साधी सर्दी झाली तरी लोक त्यांच्याभोवती जमत. गल्लीच्या खाडीकडच्या टोकाला उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने पलीकडच्या टोकाला, शिरगावच्या किल्ल्याच्या दिशेने पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "तिकडं किल्ल्याच्या बाजूला दोन्ही ओळी जवळ आल्यात. पार भिडायला आल्यात."

"मी काय म्हनत होते?" मंगला म्हणाली.

"तिकडं जाऊन बघा ना," नलूने धर्माजींना सांगितलं. "हितं उभं राहून तिकडचं काय बघता?"

सगळी वरात किल्ल्याच्या टोकाला गेली. धर्माजींनी पुन्हा एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. 

"आता खाडीच्या बाजूला भिडायला आल्यात," ते शेवटी म्हणाले.

"मगाशी तर किल्ल्याच्या बाजूला भिडत होत्या," मंगला म्हणाली.

"तिकडून तशा, हिकडून अशा."

"म्हंजे दोन्हीकडं भिडतात?" नलूने विचारलं. "मग मधी काय फुगल्यात?"

जमलेल्या बायका हसल्या. धर्माजींना हसलेलं आवडत नसे. त्यांनी फीत मागवली. एक टोक मंगलाच्या हातात, दुसरं नलूच्या हातात दिलं आणि दोन्ही ओळींतलं अंतर दोन्ही टोकांना मोजायला सांगितलं. इथे भलताच घोळ झाला. खाडीच्या टोकाला मंगला हळूच एक पाऊल बाजूला सरकून उभी राहिली, फीत तिरकी झाली आणि अंतर वाढलं. नलूने ते ओळखलं आणि किल्ल्याच्या टोकाला ती स्वतः दोन पावलं सरकली, तर तिथलं अंतर त्याहून वाढलं.

"फीत काटकोनात धरा," धर्माजी ओरडले.

"मी काटकोनातच हाय," मंगला म्हणाली.

"मीच काटकोनात हाय," नलू म्हणाली. काटकोन नेमका कुठल्या पावलावर आहे यावर जावांचं एकमत होईना आणि प्रत्येक मोजणीला अंतर नवं येऊ लागलं. शेवटी धर्माजींनी फीत गुंडाळून खिशात टाकली आणि घसा खाकरला.

"परवा संध्याकाळपर्यंत मुदत. ओळ सरळ हाय हे नलूनं दाखवून द्यायचं. नाय तर खांब उपटायचे."

"मी कशाला दाखवू? वाकडी हाय हे त्यांनी दाखवावं."

"खांब तू बदललास."

"बदलला, आनि सरळच बदलला. तो हलनार नाय," नलू म्हणाली. "मी पन हलनार नाय. उपटायचंच असेल तर आधी मला उपटा."

नलूच्या अंगाचा एकूण पसारा पाहता ते काम कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं.

घरी येऊन तिने बोईसरला सुजीतला फोन लावला. सुजीत तिचा मुलगा. तिथल्या वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जायचा. यंत्रांच्या खडखडाटात त्याला अर्धंच ऐकू आलं. मागून त्याच्या कुणा सोबत्याचा आवाज आला, "टेढ़ा है तो दो हथौड़ा मार, सीधा हो जाएगा." हा सल्ला नलूला पटला होता. फक्त हातोडा खांबावर मारायचा नव्हता.

तेवढ्यात रुचिता क्लासवरून आली. रुचिता म्हणजे सुजीतची बायको. केळव्याच्या बागायतदाराघरची मुलगी, पानवेलीत आणि केळीत वाढलेली. पालघरला एका क्लासमध्ये ती नववीच्या मुलांना गणित शिकवायची. लग्न होऊन वर्ष झालं होतं. घरात तिचं सगळं छान चाललं होतं, फक्त बोंबलांशी जमत नव्हतं. तिने टांगलेल्या जोड्या वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला सुटून वाळूत पडत. तेव्हापासून नलूने तिला, "तू आपली पालघर सांभाळ," असं सांगून किनाऱ्याच्या कामातून मोकळं केलं होतं.

रुचिताने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, दोन रेषा समांतर आहेत हे दाखवायला मधलं अंतर मोजायची गरजच नाही."

"मंग?"

"एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर एक तिरकी दोरी बांधायची."

नलूने तिच्याकडे बघितलं. "माझ्यावर वाकडेपणाचा आळ हाय, आनि तू आनखी तिरकी दोरी बांधनार?"

"तिरकीच लागते. तिला छेदिका म्हणतात." रुचिताने केरसुणीचे दोन हीर काढून जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले आणि तिसरा त्यांच्यावर आडवा टाकला. "हा तिसरा हीर दोघांना छेदतो. तो पहिल्याशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन उलट्या बाजूने दुसऱ्याशी केला, की दोघं समांतर. मग कुणी कितीही डोळे मिटून बघू दे."

नलूने वरचा हीर बोटाने इकडेतिकडे हलवून बघितला. "म्हंजे तिऱ्हाईताला मधी घालायचं. तो दोघांशी सारखाच वागला तर दोघं सरळ."

"हो, साधारण तसंच."

"एवढंच ना? सोयरिकी जुळवताना आमी दुसरं काय करतो?" नलू उठली. "चल, दोरी काढ. चांगली जाड काढ. त्या मंगलाला लांबून दिसली पायजे."

रुचिताने क्लासमधला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक मागून आणला. तो रिक्षातून येताना बाहेर डोकावत होता, त्यामुळे ती किनाऱ्यावर पोचायच्या आत गावाला बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी चार वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रुचिताने नलूच्या ओळीतल्या खांबापासून मंगलाच्या ओळीतल्या पुढच्या खांबापर्यंत छातीच्या उंचीवर दोरी तिरकी ताणून बांधली आणि दोन्हीकडचे कोन सारखे आले की ओळी समांतर, असं सगळ्यांना सांगितलं. धर्माजींनी चष्मा पुसला. आकडा आपण स्वतःच वाचणार असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

नलूच्या ओळीशी किल्ल्याच्या बाजूचा कोन त्यांनी वाचला. "बासष्ट."

मग सगळे मंगलाच्या ओळीपाशी आले. तिथेही किल्ल्याच्या बाजूचा कोन वाचला. "एकशे अठरा."

 मंगलाने सुस्कारा सोडला. "बासष्ट आनि एकशे अठरा. एवढा फरक तर मी पन सांगितला नव्हता. मला वाटलं जराशी वाकडी असेल. ही तर दुप्पट वाकडी हाय."

"काकी, थांबा," रुचिता म्हणाली. "हे एकाच बाजूचे आंतरकोन आहेत. त्यांची बेरीज करा. बासष्ट आणि एकशे अठरा, एकशे ऐंशी. बेरीज एकशे ऐंशी आली की रेषा समांतर."

"आता बेरीज कशाला?" मंगलाने विचारलं. "मगाशी सारखे येनार म्हनत होतीस. नाय आले तर बेरीज. उद्या बेरीज पन नाय आली तर गुनाकार करशील."

धर्माजींनी मान डोलावली. त्यांनाही ते पटत होतं. नलूला काहीच कळलं नव्हतं, पण सून वाऱ्यावर सोडायची नाही एवढं तिला पक्कं कळत होतं. ती पुढे झाली.

"तिनं सांगितलं ना बेरीज म्हंजे बेरीज? मला समजलं नाय, पन बरोबर हाय."

"सारखा कोन उलट्या बाजूला असतो," रुचिताने शांतपणे सांगितलं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज असाच व्हायचा. "तिकडे किल्ल्याच्या बाजूचा घेतला, तर इथे खाडीच्या बाजूचा घ्यायचा. व्युत्क्रम कोन. काका, आता या बाजूने मोजा."

तिने कोनमापक उलट बाजूला लावला. लगेच गलका झाला. "यंत्र फिरवलं, यंत्र फिरवलं," असं मंगला म्हणू लागली. शेवटी रुचिताने कोनमापक तिच्याच हातात दिला. "काकी, तुम्हीच लावा. तुम्हीच वाचा."

मंगलाने पदराने हात पुसले, कोनमापक दोरीला टेकवला आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग कोनमापकावर काही चिकटलं आहे का ते बोटाने घासून बघितलं.

"किती?" धर्माजींनी विचारलं.

"बासष्ट," मंगला वाळूकडे बघत म्हणाली.

किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. धर्माजींनी घसा खाकरून दोन्ही ओळी समांतर असल्याचा निकाल दिला. नलू मात्र टाळ्यांकडे बघत नव्हती. ती मंगलाकडे बघत होती.

"आता म्हना वहिनी. सरळ हाय म्हना."

"कोन सारखे असतील," मंगला म्हणाली. "ओळ वाकडीच हाय."

नलूच्या मनाला ते लागलं. ओळ वाचली होती, खाडीचं संकट टळलं होतं, गावाने मान्य केलं होतं. पण जिच्या तोंडून ऐकायचं तीच बोलत नव्हती, आणि तिच्याखेरीज बाकी गाव नलूच्या दृष्टीने मोजण्यात नव्हतं. त्या तिरीमिरीत तिने जे केलं ते तीस हंगाम वाळूत काढलेल्या बाईने कधी करू नये. तिने दोरीवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ही दोरी हितंच ऱ्हाईल. रविवारी गावची सगळी मंडळी येऊन बघतील. तोपर्यंत हिला हात लावायचा नाय. जो सोडील त्याची गाठ माझ्याशी."

"बरोबर हाय," धर्माजी म्हणाले. "पुरावा हाय तो. हलवायचा नाय." आणि ते चहाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू पाटी घेऊन आली तेव्हा छेदिकेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील टांगलेले होते.

किनाऱ्याची रीत अशी होती की रिकामी दोरी कुणाची नसते. होड्या लागल्यावर ज्या बाईला रिकामी दोरी आधी दिसेल, तिने त्यावर आपला माल टाकायचा. एकदा माल टांगला की तो सुकेपर्यंत दुसऱ्याने त्याला बोट लावायचं नाही. सुकलेला माल काढून त्याच दिवशी ओला टाकला, की दोरी पुन्हा तिचीच. म्हणून तर इथली कुठलीही बाई दोरी रिकामी ठेवून घरी जात नाही, गुंडाळून काखेत मारते. केळव्याच्या वाडीत वाढलेल्या रुचिताला हे माहीत असायचं कारण नव्हतं. नलूला माहीत होतं, पण जिंकलेल्या माणसाला कसलं भान असतं?

छेदिकेपाशी जमना उभी होती. खाडीच्या तोंडाशी वर्षभर उसासे टाकणारी जमना आज चक्क हसत होती. "नलूवहिनी, किती कोरडी जागा हाय गं तुमची. वारा पन छान लागतो."

"जमना, ती दोरी वाळवनाची नाय."

"रिकामी दिसली. टाकलं."

"ती छेदिका आहे," रुचिता कळवळून म्हणाली.

"असेल बाय. मजबूत हाय."

ओल्या बोंबलांच्या वजनाने दोरी छातीवरून कमरेपर्यंत उतरली होती. डोक्यावर पाटी घेऊन तिच्याखालून जाणं शक्य नव्हतं आणि वरून उडी मारणं नलूच्याच काय, मंगलाच्याही वयात बसत नव्हतं. त्या दिवसापासून दोघी जावा डोक्यावर ओझं घेऊन आपापल्या अख्ख्या ओळीला वळसा घालू लागल्या. वळसा संपला की टोकाला त्यांची गाठ पडे आणि बोलणं नसल्यामुळे दोघी समुद्राकडे बघत पुढे जात. जमना सकाळी सुकलेले बोंबील काढी आणि लगेच ओले टाकी. दोरी रिकामी राहायचा प्रश्नच येत नव्हता.

रविवारी सगळी मंडळी जमली. नलूने सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं. "पुरावा बघून झाला असेल तर दोरी सोडा. आमाला चालायला जागा नाय."

"माझं पन तेच म्हननं हाय," मंगला म्हणाली. दोघींचं एकमत झालेलं पाहून धर्माजींना धडकी भरली.

जमना हळूच पुढे आली. "मी कुठं नाय म्हनते? सोडा की. पन दोरी सोडली तर नलूवहिनींची ओळ सरळ हाय हे कशावरून ठरनार? मी आपली त्यांच्यासाठी पुरावा सांभाळते. त्यांनीच सांगितलं होतं, हात लावायचा नाय."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. बोलणं चुकीचं वाटत नव्हतं.

"एकदा सिद्ध झालं की झालं," रुचिता म्हणाली. "दोरी काढली म्हणून रेषा वाकड्या होत नाहीत."

"पोरी, जमिनीचा निकाल लागल्यावर कुनी सातबारा फाडून टाकतं का?" धर्माजींनी विचारलं. त्यांनी घसा खाकरला. "दोरी सोडली की तक्रार पुन्हा उभी ऱ्हाते. जोपर्यंत दोरी, तोपर्यंत ओळ सरळ."

मंगलाने नलूला कोपराने ढोसलं आणि बाजूला ओढलं. "ऐक. तू म्हन, थोडी वाकडी हाय. मी म्हनते, असली वाकडी तरी चालेल मला. तक्रार गेली, पुरावा गेला, दोरी गेली. गल्ली मोकळी. एक शब्द तर बोलायचा हाय."

नलूचा खांदा पाटी वाहून दुखत होता. वळसा घालून तळपाय भाजले होते. घरी गेल्यावर वामन तेल गरम करून देतो तेव्हा सगळं किनाऱ्यावरचं वैर सोडून द्यावंसं वाटायचं. एक शब्द, थोडी वाकडी. म्हटलं असतं तर संपलं असतं.

"सरळ हाय," नलू म्हणाली. "जन्मभर वळसा घालीन. पन सरळ हाय ती सरळ हाय."

"मग घाल वळसा," मंगला म्हणाली.

पण जन्मभर वळसा घालणं हे बोलायला सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नलू रिकाम्या गल्लीकडे बघत उभी राहिली. जाता तर येत नाही, मग ही जागा ठेवायची कशाला? तिने घरून दोरी आणली आणि जमनाच्या दोरीपासून जरा किल्ल्याच्या बाजूला, आपल्या ओळीपासून मंगलाच्या ओळीपर्यंत, दुसरी तिरकी दोरी ताणून बांधली. जमनाची दोरी जशी तिरकी, अगदी तशीच तिरकी. आणि तिच्यावर बोंबील टांगायला घेतले.

"दोरीचं ते टोक माझ्या खांबाला हाय," मंगला येऊन म्हणाली.

"हाय."

"मग अर्धी दोरी माझी."

नलूने विचार केला. "अर्धी तुमची," ती म्हणाली. मंगलाने पाटी खाली ठेवली आणि दुसऱ्या टोकाकडून टांगायला सुरुवात केली. ज्या गल्लीवरून एवढं रामायण झालं ती बोंबलांनी भरत गेली आणि दोघी जावा कामात बुडाल्या. नंतर नलूने पाण्याची कळशी पुढे केली आणि मंगला तिच्यातलं पाणी प्यायली. बोलणं मात्र दोरीपुरतंच होतं.

एवढ्यात जमना आली. दुसरी दोरी बघून तिचं हसू मावळलं. ती एका टोकाला गेली, मान तिरकी करून बघितलं आणि दुसऱ्या टोकाला गेली.

"नलूवहिनी," ती म्हणाली, "तुमची दोरी वाकडी हाय. त्या टोकाला माझ्या दोरीच्या अंगावर येते. माझा वारा अडतो."

धर्माजींना पुन्हा बोलावणं गेलं. चहाचा कप हातात घेऊनच ते आले. एक डोळा मिटायला गेले आणि काहीतरी आठवून तो तसाच उघडा ठेवला. "कोनवाली कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

रुचिता पालघरला निघायच्या तयारीत होती. कोनमापक परत करायला बरोबरच घेतला होता. तिने दोन्ही तिरक्या दोऱ्या पाहिल्या आणि पहिल्यांदाच तिला या किनाऱ्यावर मजा वाटू लागली. "सोपं आहे. आता या दोन दोऱ्या आपल्या रेषा. दोघी समांतर आहेत का ते बघायचं. छेदिका आयतीच आहे."

"कुठली?"

"आईंची ओळ. तीच दोन्ही दोऱ्यांना छेदते. तिच्याशी दोघींचे कोन मोजायचे."

"थांब," धर्माजी म्हणाले. खुर्चीत बसल्यासारखे ते वाळूत ऐसपैस बसले. "ज्या ओळीवरून मोजायचं ती ओळच वाकडी असली तर? तिच्यावर तर तक्रार हाय. पुरावा हाय म्हनून ती उभी हाय, तक्रार काय मागं घेतलेली नाय."

"सरळ आहे म्हणून तर तुम्हीच निकाल दिलात, काका," रुचिता म्हणाली.

"निकाल दिला, पन तक्रार करनारीनं मानला नाय. तिनं तोंडानं सांगायला पायजे. तिचा शब्द नसेल तर मी मोजनार नाय. मोजनं नाय तर ही नवी दोरी सोडायची."

सगळ्यांचं लक्ष मंगलाकडे गेलं. मंगलाच्या हातात बोंबलांची शेवटची जोडी होती. पाटी रिकामी झाली होती. सकाळचा सगळा माल त्या दोरीच्या तिच्या अर्ध्या भागावर टांगलेला होता आणि वर ऊन चढत होतं. दोरी सोडली तर एवढा ओला बोंबील न्यायचा कुठे? तिच्या स्वतःच्या ओळीवर तर कालचाच माल अजून हलायचा होता.

"बोल मंगला," धर्माजी म्हणाले.

मंगलाने आपल्या बोंबलांकडे पाहिलं. मग नलूच्या ओळीकडे पाहिलं, नवा खांब होता तिथपर्यंत. घाम पुसायच्या निमित्ताने तिने तोंड पदराने झाकून घेतलं.

"सरळ हाय," ती पदराआडून म्हणाली.

रुचिताने कोनमापक उचलला. पण नलूने तिचा हात धरला, तिला थांबवलं, आणि ती स्वतः मंगलाच्या दोन पावलं जवळ गेली.

"जरा मोठ्यानं बोला, वहिनी," ती म्हणाली. "वाऱ्यामुळं मला नीट ऐकू आलं नाय."